पिल्लांची घरं बघणारे मुनीरडॉक्टर

मुनीरडॉक्टर कुणाच्याही घरी गेले की आधी विचारायचे, दुपारी सावली कुठे पडते. चहापाणी नंतर. अंगणात उभे राहून मान वर करून झाड बघायचे, मग पत्रे बघायचे, मग घरातल्या बाईला विचारायचे की दुपारी घरात कोण असतं. नव्या माणसाला वाटायचं, हा बाबा प्लॉट घ्यायला आलाय की चोरीचा अंदाज काढायला. ते आलेले असायचे कुत्र्याच्या पिल्लासाठी स्थळ बघायला.

भोकरदनला आमचं मेडिकल आणि त्यांचा जनावरांचा दवाखाना शेजारी शेजारी, मध्ये एकच भिंत. आता दवाखान्याच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. पण इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडून भुंकणं, कण्हणं आणि डॉक्टरांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकत मी गोळ्यांची पाकिटं लावली आहेत. ते कुत्र्यांशी मराठीत बोलायचे, मांजरांशी उर्दूत. का, असं मी एकदा विचारलं होतं. मांजर आमच्या मोहल्ल्यातलं, कुत्रं शेतातलं, ज्याची त्याची जबान, असं म्हणाले आणि हसले. हसले की त्यांचे डोळे मिटून जायचे.

उंच, किडकिडीत माणूस. दाढी बारीक, चष्मा दोरीला बांधलेला. कुत्र्याची लाळ लागलेले कपडे नमाजाला चालत नाहीत, म्हणून कपड्यांचे दोन जोड. कुत्र्यांना हात लावायचा जोड दवाखान्यात खुंटीला असायचा. नमाजाची वेळ झाली की मागच्या नळावर आंघोळ करायची, धुतलेला कुर्ता घालायचा आणि मशिदीकडे निघायचं. तिथून आलं की परत खुंटीवरचा जोड. थंडीतसुद्धा हे चुकलं नाही. मोहल्ल्यातले काहीजण मागून बोलायचे की म्हशी-शेळ्या बघाव्यात, दिवसभर कुत्र्यांत बसायचं म्हणजे काय. आणि आमच्यातले काहीजण म्हणायचे, डॉक्टर, तुम्हाला कुत्र्यांचा एवढा लळा, मग घरी एखादं का नाही? दोन्हीकडच्यांना ते एकच उत्तर द्यायचे. "पाणी भरपूर हाय नळाला." त्या उत्तराचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावायचा.

घरी ते एकटेच. शाहीनभाभी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यामागच्या गल्लीत तिसरं घर त्यांचं, दारात मोठा लिंब. माझ्या काउंटरवरून मान वाकडी केली की ते दार दिसायचं. ते उघडं आहे की बंद, एवढंच काय ते बघण्यासारखं, कारण तिथं कुणी जात-येत नव्हतं.

त्यांचा नियम सगळ्या तालुक्याला माहीत होता. कुत्री माजावर आली, क्रॉसिंग करायचं आहे, असं म्हणत कुणी आला की डॉक्टर तिला टेबलावर घेण्याआधी विचारायचे, पिल्लं कुणाकुणाच्या घरी जाणार? नावं सांगा. नावं सांगितली की येत्या रविवारी फटफटीवरून त्या घरांना जाऊन यायचे. घरं पसंत पडली तरच पुढचं काम. मग मात्र असं काम करायचे की बघत राहावं. नर आणि मादी दोन्ही तपासायचे, दोघांचं रक्त जालन्याला पाठवायचे, नातं विचारायचे, आई कोण, बाप कोण. मादीचा स्राव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि आज नाही, परवा या, असं सांगायचे. लोकांना घाई असायची. रक्त दिसलं की लोक नराकडे पळतात, नर नको म्हणतो की त्याच्यातच खोट काढतात, असं ते वैतागून म्हणायचे. पहिल्याच माजाला कुणी कुत्री आणली तर सरळ परत पाठवायचे. पोरगी अजून खेळून राह्यली, तिला खेळू द्या, म्हणायचे.

गावानं त्यांना 'मध्यस्थ' असं नाव पाडलं होतं. मीसुद्धा चिडवायची. डॉक्टर, माझ्या भाच्यासाठी एखादं स्थळ असेल तर सांगा, म्हणायची. ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, भाच्याच्या घरी दुपारची सावली कशी आहे?

एकदा जालन्यात गंमत झाली. एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं गोदामाच्या राखणीला पिल्लू मागितलं होतं, पण घरी सांगायला विसरला. डॉक्टर नेहमीप्रमाणे रविवारी हजर. पांढरा कुर्ता, अत्तर, हातात मिठाईचा डबा, कारण रिकाम्या हाताने ते कुणाकडे जात नसत. व्यापाऱ्याच्या अम्मीनं बघितलं, बसवलं, शिरखुर्मा आणला. डॉक्टर म्हणाले, घरात सगळ्यांची पसंती आहे ना? म्हातारी आत गेली आणि नातीला चांगला दुपट्टा घ्यायला सांगून आली. मग तिनं विचारलं, "लड़का करता क्या है?" डॉक्टर म्हणाले, "दौड़ता अच्छा है." म्हातारी थोडी विचारात पडली. खानदान कसं आहे, तर आईबाप दोन्ही माझ्या तपासणीतले, म्हणाले. शेवटी रात्री भुंकायची सवय आहे असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा उलगडा झाला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा पडला. मग चष्मा पुसता पुसता म्हणाले, शिरखुर्मा मात्र फार चांगला होता ताई, घरच्या हाताचा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, पुढे आलं. या माणसाच्या आठवड्यात घरी शिजलेलं अन्न रविवारीच पोटात जात होतं. पिल्लांची घरं बघायला जाणं हे काम होतंच, पण कुणाच्या तरी ओट्यावर बसणं, लेकरांची भांडणं ऐकणं, आणखी घ्या असा आग्रह होणं, हे त्यांना त्या कामात मिळत होतं. मला वाईट वाटतं, इतकी वर्षं शेजारी राहून मला हे दिसायला वेळ लागला.

आणि पुढे ती घरंसुद्धा कमी होत गेली. गावात पत्र्याच्या शेडमध्ये जर्मन शेफर्ड पैदा करणारे तरुण आले. दर माजाला कुत्री नराला दाखवायची, पिल्लांचे फोटो मोबाईलवर फिरवायचे. असाच एकजण बरगड्या दिसणारी कुत्री घेऊन आला. नुकती व्यालेली, पुन्हा माजावर. डॉक्टरांनी विचारलं, पिल्लांची घरं कोणती? तो म्हणाला, गिऱ्हाईक येईल की. डॉक्टर म्हणाले, "गिऱ्हाईक न्हाई विचारलं. घर विचारून राह्यलो." त्यांनी कुत्रीला ताकदीचं औषध दिलं, एक वर्ष नराजवळ नेऊ नको म्हणून हात जोडले. त्यानं गाडीवर बसताना म्हातारा येडा झालाय असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. नंतर ती मंडळी दुसरीकडे जायला लागली. भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला.

राहिले ते आप्पा. पिंपळगाव रेणुकाईचे नारायणआप्पा, मिरचीचे मोठे बागायतदार. पांढरा फेटा, बोलणं कडक, पोटात काही नाही. त्यांच्याकडे आज्या-पणज्यापासून कारवानी कुत्री. उंच, लांब तोंडाची, रानडुकरांमागे सुटली की नजरेला सापडत नाहीत अशी. डॉक्टर सरकारी नोकरीत नवे होते तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. मोकळा रविवार असला की डॉक्टर आप्पाच्या मळ्यात, नाहीतर आप्पा इकडे, मिरच्यांची पिशवी घेऊन. डॉक्टरांना तिखट सोसत नव्हतं. ते पिशवी प्रेमानं घ्यायचे आणि आप्पाची पाठ वळली की मला आणून द्यायचे. आमच्या घरचं लोणचं वर्षानुवर्षं त्या दोस्तीवर चाललं.

आप्पाची शेवटची कुत्री हरणी. बाकीची म्हातारी होऊन गेली, आणि पंचक्रोशीत अस्सल कारवानी नर उरला तो एकच, टेंभुर्णीला आप्पाच्या साडूकडचा तुफान. तो हरणीच्याच वेताचा, सख्खा भाऊ. आप्पाचं म्हणणं, तोच लावायचा, नाहीतर पणज्याची जात आपल्या हाताखाली संपणार. डॉक्टर म्हणाले, बिलकुल नाही. कर्नाटकात चौकशी करतो, दुसरीकडचा नर आणू, सहा महिने थांबा. आप्पाला थांबायचं नव्हतं. हरणीचं वय निघून चाललं होतं.

एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर चार-पाच जण बसले होते. मी इंजेक्शनं पोचवायला गेले होते. दोघांचा हाच वाद चालू होता. आप्पा बाकाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, आमच्यात मामाची पोरगी करत्यात, तुमच्यात चुलत्याची बी चालती. मान्साला सगळं माफ, आन् कायदा कुत्र्यालाच व्हय?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन. डॉक्टर हसले नाहीत. हातातला चहा अर्धा होता, तो त्यांनी खिडकीत ठेवला आणि म्हणाले, नमाजाची वेळ झाली. वेळ झाली नव्हती.

आप्पानं डॉक्टरांना न सांगता हरणी टेंभुर्णीला नेली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. दुपारची वेळ होती. आप्पाची जीप दवाखान्यासमोर थांबली आणि आप्पा गोधडीत गुंडाळलेली हरणी दोन्ही हातांवर घेऊन उतरले. सकाळपासून कळा देत होती, पिल्लू अडकलं होतं. डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, नर कोणता? आप्पा खाली बघत म्हणाले, तुफान. डॉक्टर तसेच वळले आणि हात धुवायला गेले.

मदतीला कुणी नव्हतं म्हणून सलाईन मी धरलं. पोट उघडल्यावर डॉक्टर थांबले. आतली गर्भाची पिशवी सडत आली होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, पिशवी काढावी लागेल, नाहीतर हरणी जाईल, काय करू? आप्पा म्हणाले, हरणी वाचवा. डॉक्टरांनी वाचवली. पण पिल्लं बहुतेक मेलेलीच निघाली. एकाच्या तोंडाला टाळू नव्हती, ते माझ्या हातात थोडा वेळ हललं आणि गार पडलं. एक पांढरं पिल्लू तेवढं जगलं.

ती मेलेली पिल्लं टोपल्यात ओळीने ठेवलेली बघून आप्पाचा तोल गेला. दुःखानं गेला, मला कळत होतं. ते ओरडले, "वंश बुडाला माझ्या हरणीचा. वंश बुडणं काय असतं तुम्हाला काय कळणार?"

डॉक्टर नळाखाली हात धूत होते. पाणी चालूच होतं.

"शाहीन माझ्या सख्ख्या फुफीची, आत्याची लेक," ते म्हणाले. "दोन लेकरं झाली आम्हाला, आप्पा. दोन्ही राह्यली न्हाईत. रक्तातलंच हाय, असं औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलं. तिसऱ्याची हिंमत झाली न्हाई. मला बराबर कळतं."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि हरणीचे टाके बघायला वाकले. इतक्या वर्षांच्या दोस्तीत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हरणी शुद्धीवर आली तेव्हा आप्पानं तिला जीपमध्ये ठेवली आणि निघून गेले. जाताना डॉक्टरांकडे बघितलं नाही. पांढरं पिल्लू दवाखान्यातच राहिलं.

डॉक्टरांनी ते ड्रॉपरनं दूध पाजून जगवलं. महिनाभरानं एकदा माझ्यादेखत स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. बाहेरचं कुत्रं दचकून उठलं, मी दचकले, हे आपलं झोपलेलंच. डॉक्टरांनी त्याच्या कानामागे टाळी वाजवली, मग किल्ल्या वाजवल्या. बहिरं होतं. त्यांनी त्याचं नाव मेहमान ठेवलं. बहिऱ्याला नाव कशाला, मी म्हटलं. ते म्हणाले, आपल्याला हाक मारायला.

बहिरं कुत्रं राखणीला कोण घेणार? कुणी घेतलं नाही. मेहमान दवाखान्याच्या मागच्या अंगणात वाढला. आंधळा जसा हातानं चाचपतो तसा तो पायाखालच्या हादऱ्यानं माणूस ओळखायचा. डॉक्टरांनी फरशीवर दोनदा पाय आपटला की पळत यायचा. मी म्हटलं, डॉक्टर, आता घरीच घेऊन जा ना याला. तुम्ही एकटे, तेही एकटं. लिंबाखाली अंगणात राहील, आतही येणार नाही.

ते म्हणाले, घर बघायला कुणी आलं नाही अजून. पिल्लू आप्पाचं आहे. आप्पानं येऊन घर बघावं, पसंत पडलं तर द्यावं. सगळ्या तालुक्याला हा नियम लावला, स्वतःला कसा सोडू?

मला आधी हसू आलं आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही. रविवार आला की ते सकाळी अंगण झाडायचे, सडा मारायचे. लिंबाखाली दोन खुर्च्या मांडायचे आणि एका खुर्चीत बसायचे. दार दिवसभर उघडं. नमाजाला गेले तरी उघडंच ठेवायचे. मी काउंटरवरून मान वाकडी करून बघायची. आठवड्यामागून आठवडे दुसरी खुर्ची रिकामी.

नवरात्रात रेणुकाईची ओटी भरायला पिंपळगावला गेले, तेव्हा मुद्दाम आप्पाच्या मळ्यात गेले. आप्पा बांधावर बसले होते, पायाशी हरणी. खूप उतरले होते. मी म्हटलं, डॉक्टर तुमची वाट बघतात. ते गवताच्या काड्या मोडायला लागले. "कोन्त्या तोंडानं येऊ, ताई? त्या मान्साची दोन लेकरं गेली, आन् मी चारचौघात त्याला हसून राह्यल्तो." मग म्हणाले, त्यांना सांगू नका मी असं बोललो.

मी सांगितलंच. असलं गुपित ठेवणारी मी नाही. डॉक्टर म्हणाले, येडा आहे आप्पा, मी कधीच विसरलो ते. मग बोलवा ना, फोन करा, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. घर बघायला बोलावून आणत नसतात ताई, ज्याचं लेकरू असतं त्यानं आपणहून यावं लागतं. दोघंही असे हट्टी, की डोकं आपटावं वाटायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांची तब्येत बिघडली आणि हैदराबादचा भाचा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, मेहमानसुद्धा सोबत गेला. पण मला ते गेले तो दिवस आठवत नाही, त्याआधीचा एक रविवार आठवतो.

त्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटीच होते. डॉक्टर नुकतेच मशिदीकडे गेले होते. एक काळीपिवळी जीप थांबली आणि आप्पा उतरले. नवा फेटा, हातात पिशवी. मला बघितलं. गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तिथंच उभे राहिले. तिथून लिंब दिसत होता, उघडं दार दिसत होतं, दोन खुर्च्या दिसत होत्या. मला वाटलं आता आत जातील. ते गेले नाहीत. उन्हात उभे राहून बघत राहिले, मग माझ्या काउंटरवर येऊन पिशवी ठेवली.

"ही डॉक्टरला द्या," म्हणाले. मग गल्लीकडे न बघता म्हणाले, "दारात लिंब हाय. दुपारची सावली बरी हाय." आणि तीच काळीपिवळी वळून परत निघाली होती, तिच्यात बसले.

डॉक्टर आले तेव्हा मी चिडूनच सगळं सांगितलं. इथवर आले आणि दारात गेले नाहीत, ही काय रीत झाली? डॉक्टरांनी पिशवीत हात घालून एक हिरवी मिरची काढली, नुसतीच हातात धरली. किती वाजता आल्ता, विचारलं. तुम्ही नमाजाला गेल्यावर लगेच, मी म्हटलं.

"माझी वेळ त्याला पाठ हाय," ते म्हणाले. "मी नसताना दार बघून गेला." मग पुन्हा विचारलं, "सावली बरी हाय म्हणला? त्यानंच म्हणला?"

हो, मी म्हटलं. "मग घर बघून झालं त्याचं," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटून गेले, पण ते हसत होते की नाही हे मला सांगता येणार नाही.

पिशवी त्यांनी त्या दिवशी मला दिली नाही. दवाखान्याचं मागचं दार उघडलं, फरशीवर दोनदा पाय आपटला. मेहमान आला. धुतलेला कुर्ता अंगावर होता, तरी त्यांनी खाली वाकून त्याच्या गळ्यात दोरी बांधली, आणि मिरच्यांची पिशवी एका हातात, दोरी दुसऱ्या हातात घेऊन गल्लीत शिरले. मी मान वाकडी करून बघत होते. लिंबाखाली पोचल्यावर त्यांनी दोरी सोडली, एका खुर्चीत बसले आणि पिशवी दुसऱ्या खुर्चीवर ठेवली. मेहमान त्या खुर्चीच्या सावलीत जाऊन झोपला.

मग डॉक्टर उठले आणि इतके रविवार उघडं ठेवलेलं दार त्यांनी लोटून घेतलं.